निःशब्द संगणकाची निवड

१ सप्टेंबर, रविवार

स्वस्ति. अखिलदरपत्रकपारंगत, निविदामार्तंड, तुलनात्मकतक्ताचूडामणि, त्रुटिशोधनधुरंधर, फेरविचारकेसरी, एकोणतीस वर्षे अखंड खरेदीशाखाधीश, सही-शिक्का-दिनांक या त्रिविध आयुधांचे धारणकर्ते, मधुमेहविभूषित, चष्माद्वयमंडित, श्रीमान मी, यांच्या आज्ञेने आज सायंकाळी ठीक सहा वाजता, स्वगृही, जुन्या सोफ्याच्या उजव्या अंगास आसनस्थ होऊन ‘गृहचित्रपट-संगणक निवड समिती’ विधिवत स्थापन करण्यात आली.

नमनाला घडाभर तेल झाले. आता मुद्दा.

अध्यक्ष मी. सदस्य-सचिव मी. सदस्या सहधर्मचारिणी. गणपूर्ती दोन. समितीचे प्रयोजन असे : टीव्हीखालच्या फळीत मावेल, आमचा समग्र चित्रपटसंग्रह पोटात घेईल, कसलेही चित्र न अडखळता दाखवील आणि हे सर्व करताना हूं की चूं करणार नाही, असा संगणक सुटे भाग निवडून जुळवून घेणे. सध्या त्या फळीत जे यंत्र आहे त्याचा पंखा जात्यासारखा फिरतो. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी, चित्रपट अर्ध्यावर असताना, “या घरघरीत माणसं काय बोलतात तेच कळत नाही,” असे म्हणून सदस्या उठली. त्यानंतरचे सर्व शनिवार मी एकट्याने पाहिले. तिच्या वाक्याची मी तात्काळ नोंद घेतली होती. नोंद तात्काळ, कार्यवाही आजपासून.

विषय क्रमांक एक, समितीची स्थापना : मंजूर. विषय क्रमांक दोन, गरजनिश्चिती : मंजूर. विषय क्रमांक तीन ऐनवेळी सदस्येने मांडला. आमच्या रुग्णालयाचे नवे केंद्र दुसऱ्या गावी, सहा तासांच्या अंतरावर निघत आहे. तेथील वाचा-उपचार विभागाचे प्रमुखपद तिला देऊ केले आहे आणि ती ते स्वीकारणार आहे. एक ऑक्टोबरला रुजू व्हायचे आहे. तेथे भांडारप्रमुखाची जागाही रिकामी आहे, असे ती दोनदा म्हणाली. मग विचारले, “तुम्ही येणार का?”

मी निदर्शनास आणून दिले की ऐनवेळचा विषय अध्यक्षांच्या पूर्वसंमतीवाचून घेता येत नाही. तो पुढील बैठकीत ठेवण्याचे ठरले. ती “ठीक आहे” म्हणाली. हे मी अनुमोदन समजतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

शास्त्राचा पाया मोजमाप. म्हणून संगणकाच्या आधी खोलीची मूळ ध्वनिपातळी मोजली. मोबाइलमध्ये त्यासाठी एक ॲप मिळते. सायंकाळी साडेपाच वाजता एकेचाळीस डेसिबल. दोषी घटक तीन : फ्रिज, तिच्या वडिलांचे लंबकाचे घड्याळ, आणि पलीकडच्या खोलीतील विद्यार्थी. ज्यांचे शब्द घशात अडकतात अशांना ती सकाळी रुग्णालयात आणि संध्याकाळी घरी बोलते करते. भिंतीपलीकडून कोणीतरी ‘प... प... प...’ करीत पतंगापर्यंत पोहोचू पाहत असतो आणि ती म्हणत असते, “घाई नाही. मी थांबले आहे.” हे ‘मी थांबले आहे’ तासाला वीसदा तरी होते. दोन डेसिबल त्याचेच धरावेत.

नंतर मास्तरांकडे गेलो. मास्तर पूर्वी तंत्रशाळेत शिकवीत. आता सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी संगणक जुळवून देतात. माझ्यापेक्षा वयाने थोर, बोलण्यात थोडके. काय बघणार, किती जण बघणार, एवढेच त्यांनी विचारले. चित्रपट, आणि दोघे, असे मी सांगितले. मग तर साधा प्रोसेसर पुरे, म्हणाले; चित्र दाखवायची सोय त्याच्यातच असते, वेगळे ग्राफिक कार्ड घेतले की ते तापणार, तापले की पंखा, पंखा आला की आवाज. यादी अर्ध्या तासात लिहून देतो, असेही म्हणाले.

अर्ध्या तासात! रुग्णालयाच्या प्रतीक्षालयातील खुर्च्यांची निवड मी अडीच वर्षे केली. त्या काळात लोक उभे राहिले हे खरे, परंतु चुकीच्या खुर्चीवर एकही माणूस बसला नाही. कार्यालयात मला पाठीमागे ‘फेरविचार’ म्हणतात. मत्सराने माणसे काय वाटेल ते म्हणतात.

मास्तरांना बंद पाकिटात दरपत्रक देण्यास सांगितले. त्यांनी खोक्याचे झाकण फाडून त्याच्या पाठीवर यादी लिहिली आणि विचारले, “हे पाकिटात कसं घालू?”

८ सप्टेंबर, रविवार

बैठक दुसरी. गणपूर्ती झाली, सदस्या मटार सोलीत उपस्थित होती.

तुलनात्मक तक्ता सादर केला. अकरा रकाने, सात ओळी, शेवटी शेऱ्याचा रकाना. मुख्य वाद साठवणुकीचा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त व विशाल, पण कुरकुरते; एसएसडी मुकी, पण त्याच मोलात तिच्या पोटात निम्मेही मावत नाही. मी तोड सुचविली की चालू चित्रपट मुक्या डिस्कवर ठेवावेत आणि कुरकुरणारी दुसऱ्या खोलीत, कपाटात कोंडून, लांब तारेने जोडावी. सदस्या म्हणाली, या घरात तीच पद्धत आहे. तांत्रिक मुद्द्यांत तिला एवढी गती असेल याची मला कल्पना नव्हती.

मग तिने विषय क्रमांक तीन काढला. मी सांगितले की तांत्रिक छाननी चालू असताना अन्य विषय घेतल्यास दोन्हींचे भिजत घोंगडे पडते. तिने मटारचे ताट बाजूला ठेवले.

“अहो, माझ्याकडच्या पोरांचे शब्द अडकतात. पण त्यांना बोलायचं असतं हो. तुमचं काय अडकलंय ते तरी सांगा.”

मी म्हटले, पॉवर सप्लायचे अडकले आहे. पंख्याचा घ्यावा की बिनपंख्याचा.

ती हसली नाही. एरवी हसते. म्हणजे पूर्वी हसत असे. शेवटचे केव्हा हसली याची नोंद सापडत नाही.

खरे लिहावे. दैनंदिनीत खोटे लिहिले तर फसविणारा आणि फसणारा एकच. त्यात कसलेच कौशल्य नाही. ‘हो’ म्हणालो तर तेथे मी कोण? विभागप्रमुखबाईंचे यजमान. ‘नाही’ म्हणालो तर येथे मी कोण? हा रकाना भरता आला नाही.

तूर्त अटकळ अशी आहे की विषय आपोआप निकाली निघेल. बावीस वर्षांपूर्वी असाच एक विषय तिने मांडला होता. कन्या दोन वर्षांची होती आणि पाळणा माळ्यावर चढवायचा की खालीच ठेवायचा, असा प्रश्न होता. मी विचारासाठी वेळ मागून घेतला. काही वर्षांनी तिने विचारणे थांबविले. कोणाचेही मन न दुखविता निर्णय झाला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

अनपेक्षित प्रगती. ध्वनिपातळी छत्तीस! संगणकाचा अद्याप एक स्क्रूही घरात आलेला नसताना पाच डेसिबलची घट. कारण असे की सदस्येने घरचे सर्व विद्यार्थी दुसऱ्या बाईंकडे सोपविले. शेवटच्या दिवशी एक गृहस्थ, वय साठ, बँकेतून निवृत्त, दारातच उभे राहिले आणि तिला काही सांगू लागले. मी घड्याळ लावून पाहिले. एका वाक्याला पावणेदोन मिनिटे. वाक्य ‘तुमच्यामुळे मी सुनेशी बोलतो’ असे होते. ती संपूर्ण वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी होती. मधे एकदाही शब्द पुरविला नाही.

या खोलीत पाळीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बैठकीची जाड गादी आणि दोन सतरंज्या रुग्णालयातील परिचारिका घेऊन गेली. तेथे ॲम्प्लिफायर ठेवता येईल.

१५ सप्टेंबर, रविवार

बैठक तिसरी. गणपूर्तीअभावी तहकूब, सदस्या माळ्यावर होती. नियमानुसार तहकूब बैठक अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्याप्रमाणे मी अर्धा तास बसून राहिलो, मग पुन्हा बसलो. एकमताने ठराव झाला : पॉवर सप्लाय बिनपंख्याचा.

मधला स्पीकर थोडा भारी घेण्याचेही ठरविले. चित्रपटातील बहुतेक संवाद त्याच्यातून येतात. स्फोट, वादळे, मोटारींचा पाठलाग हे बाजूचे स्पीकर पाहून घेतात. आपल्याला माणसे काय बोलतात ते कळायला हवे. तिची तक्रार तीच होती.

सदस्येने माळा स्वच्छ केला. पाळणा खाली आला. तिने तो ओल्या फडक्याने पुसला, दांड्या मोजल्या, एक खिळा सैल होता तो ठोकला, आणि तळमजल्यावरच्या बाळंतिणीला देऊन आली. मी म्हटले, बरे झाले, सुट्या भागांची रिकामी खोकी ठेवायला जागा झाली. हमीकाळात खोकी टाकू नयेत. ती न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. धूळ फार होती.

२१ सप्टेंबर, शनिवार

ऐतिहासिक दिवस. तुलनात्मक तक्त्याची अंतिम प्रत सदस्येच्या स्वाक्षरीसाठी तिच्या उशीजवळ ठेवली होती, ती आज स्वाक्षरीसह परत आली. सही पाहिली, दिनांक पाहिला, तक्ता फाइलीत लावला. एकोणतीस वर्षांचा अनुभव सांगतो की सही असली की बाकी वाचण्याचे कारण उरत नाही.

मास्तरांना मागणीपत्र दिले. त्यांनी ते वाचले, आपले खोक्याचे झाकण खणातून काढले आणि दोन्ही शेजारी ठेवले. वस्तू त्याच. क्रम निराळा. मी म्हटले, मास्तर, तुमची यादी अर्ध्या तासाची होती, ही विचारांती केलेली आहे. ते म्हणाले, “हो. तेवढ्यात रॅम महागली.”

२२ सप्टेंबर, रविवार

कन्येचा दूरध्वनी. ती परगावी नोकरी करते आणि रविवारी सकाळी आमची हजेरी घेते. मी तिला बिनपंख्याच्या पॉवर सप्लायचे मर्म समजावीत होतो. तिने मला पूर्ण बोलू दिले. ही सवय आईची. मग म्हणाली, “बाबा, आईला उत्तर दे.”

मी म्हटले, विषय विचाराधीन आहे.

“नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. तिला चालेल. तिला तेही चालेल, बाबा.”

‘तेही चालेल’ हा शब्दप्रयोग सैल आहे. कोणाला चालेल, किती काळ चालेल, कोणत्या अटींवर, काहीच स्पष्ट होत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पूर्व भिंतीवरचे पुस्तकांचे कपाट रिकामे झाले. तिची पुस्तके अकरा खोक्यांत गेली. माझी चार होती ती जमिनीवर आडवी पडली आहेत. कपाटही रुग्णालयाच्या वाचनालयाला दिले. भिंत किती मोठी होती हे प्रथमच समजले. डावा स्पीकर तेथे.

तिने विचारले, पडदे नेऊ का? ते तिनेच शिवलेले, अस्तर लावलेले, जाड. तिकडच्या खिडक्या रस्त्यावर आहेत म्हणे. मी उदारपणे होकार दिला. चित्रपटासाठी तसेही काळे, प्रकाशरोधक पडदे लागणार; त्यांची स्वतंत्र दरपत्रके मागवीन. ती म्हणाली, “पडद्यांना किती पटकन हो म्हणालात.”

ध्वनिपातळी चौतीस.

२६ सप्टेंबर, गुरुवार

तिने चहा पिताना सांगितले की तिकडे एका खोलीचे घर ठरविले. मी म्हटले, उत्तम. झाडलोट कमी. “एवढंच?” असे तिने विचारले. मला आणखी एक मुद्दा आठवला तो मी जोडला, की लहान खोलीत आवाज मुरतो, तिला तेथे साध्या स्पीकरवरही शब्द स्पष्ट ऐकू येतील.

कप विसळताना तिने एक कप विसळला. माझा मी नंतर विसळला.

२८ सप्टेंबर, शनिवार

संकट! सुटे भाग आले. कॅबिनेट फळीत बसते, डौलदार आहे, पुढून पाहिले तर संगणक आहे अशी शंकाही येत नाही. परंतु प्रोसेसरच्या डोक्यावर बसविण्याचा कूलर शहात्तर मिलिमीटर उंच आणि कॅबिनेटच्या पोटात जागा सत्तर. सहा मिलिमीटर! अकरा रकाने, सात ओळी, चार आठवडे. उंचीचा रकाना मी कॅबिनेटला दिला होता, कूलरला दिलाच नव्हता. दोन्ही वस्तू आपापल्या जागी निर्दोष. एकत्र नांदत नाहीत.

मास्तर म्हणाले, बुटका कूलर मागवून देतो, सोमवारपर्यंत. मी विचारले, मूळ यादीत तुम्ही कोणता लिहिला होता? ते झाकण शोधण्याचे नाटक करू लागले. सज्जन मनुष्य.

घरी आलो तर तिच्या दोन बॅगा दाराशी. मी तिला सहा मिलिमीटरची हकीकत सांगितली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली. मला वाटते, या महिन्यात आम्ही इतका वेळ प्रथमच बोललो.

२९ सप्टेंबर, रविवार

नोंद करण्यासारखे काही घडले नाही. ती दिवसभर घरी होती.

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी दहा वाजता मास्तरांचा फोन, की बुटका कूलर आला आहे, नग एकच, आणि दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे. तिची गाडी अकराची. मी म्हटले, अर्ध्या तासात येतो. ती सोफ्यावर, डावीकडे, आपल्या जागी बसली होती. पायांत चपला होत्या.

“जा,” म्हणाली. “मी आता थांबत नाही.”

मी समजलो ते एवढेच, की गाडी लवकर येण्याचा संभव आहे.

दुकानात गर्दी होती. परतलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. घड्याळाच्या जागी भिंतीवर लांबट, फिकट खूण होती, म्हणून वेळ मोबाइलवर पाहिली. डाव्या उशीवर टीव्हीचा रिमोट ठेवलेला. आमच्या घरी तो नेहमी तिच्या हाती असे. नव्या रिमोटचा संकेत पकडणारी डोळ्याएवढी पेटी मी मुद्दाम फळीच्या डाव्या कोपऱ्यात बसवून घेण्याचे ठरविले आहे, ते त्याचसाठी.

मास्तर दुपारी आले. कूलर बसला. वर चार मिलिमीटर जागा उरली.

ध्वनिपातळी, यंत्र चालू असताना : सत्तावीस. यंत्र बंद असताना : सत्तावीस. याचा अर्थ संगणक पूर्णतः निःशब्द आहे. मास्तरांनी आकडा पाहिला, मला पाहिले आणि म्हणाले, “एवढं शांत घर मी बघितलं नव्हतं.” मी आभार मानले.

२ ऑक्टोबर, बुधवार

हमीपत्र लावण्यासाठी फाइल उघडली. तुलनात्मक तक्त्याच्या अंतिम प्रतीवर, सहीच्या वरच्या अंगाला, शेऱ्याच्या रकान्यात तिच्या बारीक अक्षरांत मजकूर आहे. यथामूल उतरवितो.

“यंत्र तुमच्या पसंतीचं घ्या, माझी हरकत नाही. माझा प्रश्न तोच आहे. हो म्हणालात तर दोन खोल्यांचं घर बघते. नाही म्हणालात तर एका खोलीचं. पंचवीसपर्यंत सांगा. तोंडी जमत नसेल तर इथेच, याच्याखाली लिहा. मी रोज फाइल उघडून बघेन.”

फाइल एकवीस तारखेपासून माझ्या मेजावर होती. दोरीची गाठ मी घालतो तशी नव्हती हे दोनतीनदा लक्षात आले होते. मला वाटले, मीच घाईत बांधली असेल. मी घाई करीत नाही.

शेऱ्याखाली ‘पाहिले’ असे लिहून सही केली. दिनांक टाकताना लेखणी थांबली. एकोणतीस वर्षांत मी कधी मागची तारीख टाकलेली नाही. इतरांनी टाकलेल्या पकडून त्यांच्या बढत्या रोखल्या आहेत. आज चोवीस सप्टेंबर ही तारीख लिहिण्याची फार इच्छा झाली. लिहिली असती तरी ती वाचणार कोण, हा व्यावहारिक प्रश्न होता. आजचीच टाकली.

५ ऑक्टोबर, शनिवार

उद्घाटनाचा प्रयोग, सायंकाळी सहा वाजता. उपस्थिती : अध्यक्ष. सदस्य-सचिव.

चित्रपट मी तोच लावला, जो तीन वर्षांपूर्वी अर्ध्यावर राहिला होता. चित्र अप्रतिम. पात्राच्या भुवईचा एकेक केस वेगळा. पंखा आहे की नाही हे हात लावून पाहावे लागते. आणि एवढे असूनही संवाद कळेनात! प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडून निघे, पूर्वेच्या भिंतीला जाऊन आपटे आणि परत येऊन पुढच्या वाक्यावर बसे. नायिका काही विचारी आणि तिला उत्तराऐवजी तिचाच प्रश्न ऐकू येई.

मधला स्पीकर सदोष असावा म्हणून मास्तरांना बोलावून घेतले. त्यांनी तारा पाहिल्या, मग यंत्र सरळ बंद केले, खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि एक टाळी वाजविली. टाळी परत आली.

“साहेब, मशीन ठीक आहे. खोली रिकामी आहे.”

त्यांनी सांगितले की पुस्तके, गाद्या, जाड पडदे आवाज पितात. कपडेलत्ते पितात. बसलेली माणसेसुद्धा पितात. हे सगळे होते तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही; पंख्याची घरघर एवढी एकच गोष्ट नडत होती आणि ती साध्या पंधरा मिनिटांच्या कामाची होती. जुन्या पंख्यात तेल घातले असते तरी वर्षभर भागले असते, म्हणाले.

मी विचारले की आवाज पिणारे फलक भिंतीला लावायचे झाल्यास किती लागतील, आणि त्यांत काय काय प्रकार येतात. मास्तर चपला घालीत होते. म्हणाले, “बाई केव्हा येणार आहेत?”

विषय विचाराधीन आहे, असे मी सांगितले.

ते गेल्यावर चित्रपटाचा उरलेला भाग आवाज बंद करून पाहिला. शेवट समजला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

कन्येचा दूरध्वनी. तिने संगणकाचे विचारले नाही. म्हणाली, तू स्वतः आईला फोन कर, मला मधे घालू नकोस. मी सकाळी तीन मसुदे केले. पहिल्यात प्रास्ताविक लांबले. दुसऱ्यात कारणे आली. तिसरा मसुदा एका शब्दाचा होता आणि तो निर्दोष होता.

साडेपाच वाजता फोन लावला. तिने उचलला. मागे कोणीतरी मूल ‘क... क...’ करीत होते. म्हणजे तेथेही तिने संध्याकाळचे सुरू केले.

मी तोंड उघडले. शब्द तयार होता, जिभेच्या टोकावर नव्हे, त्याच्या थोडा अलीकडे होता. तो तेथून हलेना. किती वेळ गेला ते मोजायला हवे होते. भांडारप्रमुखाच्या जागेवर एव्हाना कोणी आले का, हे आधी विचारावे काय, असे मनात आले.

“घाई नाही,” पलीकडून ती म्हणाली.

त्यापुढचे तीन शब्द मला पाठ आहेत. मी त्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत.

मग मी विचारले, रिमोट उजवीकडून का चालत नसावा?

“मास्तरांना विचारा,” ती म्हणाली, आणि मूल वाट बघतंय असे सांगून तिने फोन ठेवला.

मास्तरांना विचारले. ते पुढच्या आठवड्यापर्यंत येणार नाहीत. वस्तुस्थिती अशी आहे की पेटी डाव्या कोपऱ्यात आत बसल्यामुळे फळीची कड मधे येते आणि रिमोट केवळ सोफ्याच्या डाव्या बाजूने चालतो. उजवीकडून बटण सोळा वेळा दाबावे लागते, कधी सतरा. पेटी हलविता येत नाही, तार आखूड आहे. डावीकडे जाऊन बसावे, असे कोणीही सुचवील. परंतु त्या बाजूची उशी एका विशिष्ट आकारात खोल दबलेली आहे आणि मला तेथे नीट बसता येत नाही.